थोरलीचे ओठ

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते पहिल्या वाचनालाच. नाटक रशियन, शंभर वर्षांपूर्वीचं. दिग्दर्शकानं ते उचलून आजच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं होतं. घोडागाडीची टॅक्सी झाली, जमीनदाराचा बिल्डर झाला, आणि आजवर प्रत्येक नाटकाची नायिका असलेल्या थोरलीची झाली म्हातारी मोलकरीण. नायिका कोण? तर तिची धाकटी जाऊ, कालपर्यंत विंगेत चहा वाटणारी! वयाला शोभेल असं काम दिलंय, म्हणाला दिग्दर्शक. मेल्याच्या जिभेला काही हाड?

मोलकरणीनं स्टुलावर बसून बटणं शिवायची आणि समोर धाकटीनं लांबलचक भाषण म्हणायचं. थोरलीनं ते भाषण शब्द न् शब्द पाठ केलं. ही बया कधीतरी अडखळेलच, मग बघू. पण तालमीत धाकटी एकदाही अडली नाही. थोरलीचा नुसता जळफळाट.

प्रयोगाआधी दिग्दर्शकानं तिला बाजूला घेतलं. धाकटी बोलताना तुमचे ओठ हलतात, पहिल्या रांगेला दिसेल, म्हणाला. थोरली ओशाळली. आपल्याला पत्ताच नव्हता! भाषण सुरू झालं तेव्हा तिनं शिवणाचा दोरा दातांत गच्च धरला होता.

मध्येच धाकटी थांबली. पुढचं आठवेना. तिची नजर थोरलीच्या तोंडावर खिळली, आणि थोरलीच्या डोक्यात प्रकाश पडला. ही इतके दिवस माझ्या ओठांवरून वाचत होती!

बरी सापडली, असं वाटलं तिला, खोटं कशाला बोला. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. धाकटीनं मागचंच वाक्य पुन्हा म्हटलं. ते काही थोरलीला बघवेना. तिनं दोरा सोडला, ओठ हलवले, आणि धाकटीची गाडी रुळावर आली.

शेवटचं वाक्य मात्र थोरलीनं दिलं नाही. घरी आरशासमोर हात पसरून, आवाज चढवून ती स्वतः ते म्हणायची. तेवढं तरी माझं राहू दे, म्हणून तिनं तोंड मिटलं.

धाकटीनं वाट बघितली. मग खिडकी लावून घेतली आणि भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली, "मी आता कुठेच जाणार नाही."

सभागृह चिडीचूप झालं. हे वाक्य असंही म्हणता येतं, हे थोरलीला कधी सुचलंच नव्हतं. ती घळाघळा रडली. कौतुकानं नव्हे, हेव्यानं.

विंगेत दिग्दर्शक म्हणाला, काय रडलात! धाकटी तिच्या गळ्यातच पडली. "ताई, उद्याही ओठ हलवाल ना?"

"हलवीन," थोरली म्हणाली. "शेवटचं तुझं तुला येतं."

एवढं म्हणताना तिचा जीव मेटाकुटीला आला.