नुझहतसाठी ठेवलेला फ्लॅट

शाळेतून निवृत्त झाल्यावर शुभदा केळकर दादर सोडून उपनगरात बेव्हर्ली पार्कला राहायला आल्या आणि जर्मनीत नोकरीला जाणाऱ्या नर्सेसना घरीच जर्मन शिकवू लागल्या. मुलींच्या कानाला सवय व्हावी म्हणून त्या जर्मन सिनेमेही दाखवायच्या. त्या रविवारी त्यांनी सोसायटीच्या हॉलमध्येच पडदा लावला आणि शेजाऱ्यांनाही बोलावलं.

सिनेमा जर्मनीत जाऊन राहिलेल्या एका तुर्की कुटुंबाचा होता. बाप कारखान्यात भट्टीपुढे राबतो, आई शेजारणींना घरचा पाव नेऊन देते, आणि तरी या लोकांना हाकला म्हणून अख्खी गल्ली सह्या गोळा करते. शेवटी खिडकीतून पेटती बाटली आत येते. सेक्रेटरी दशरथ सामंत रुमालाने डोळे पुसत होते.

दिवे लागले तशी नुझहत उठली. एका हॉस्पिटलात नर्स असलेली, शुभदाताईंची सगळ्यात मेहनती विद्यार्थिनी.

"मॅडम, मला तिथे घर तरी देतील ना कुणी?"

"घाबरू नको गं," सामंतच म्हणाले. "माणुसकी असते सगळीकडे. कुठली तू?"

"श्रीवर्धनची."

"अरे, म्हणजे आमच्या कोकणातली! नाव काय?"

"नुझहत."

"अच्छा."

"व्हिसा येईपर्यंत माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहणार आहे ती," शुभदाताईंनी कौतुकाने सांगितलं. सामंत खुर्च्या आवरायला लागले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कमिटीतल्या हंसाबेनना घेऊन दारात उभे.

"मुलगी चांगली आहे हो," हंसाबेन म्हणाल्या. "पण एकाला दिलं की मग लाइन लागते. आपली बिल्डिंग अशी नाय."

"सामंत, काल तुम्ही रडत होतात."

"तो पिक्चर होता, मॅडम."

"फ्लॅट माझा आहे. मी तिलाच देणार."

त्या आठवड्यात फ्लॅटच्या कुलपात कुणीतरी एम-सील भरलं. मग एका सकाळी शुभदाताईंचं स्वतःचं दार उघडेना. बाहेरून कडी घातली होती. त्या दार बडवत राहिल्या, हाका मारत राहिल्या. समोरच्या घरात टीव्ही चालू होता. शेवटी पेपरवाल्याने कडी काढली.

"आई, तू तिथे एकटी असतेस," पुण्याहून मुलगा कौस्तुभ फोनवर ओरडला. "कशाला अंगावर ओढून घेतेस?"

दुपारी त्यांनी नुझहतला फोन केला. "कौस्तुभ परत येतोय गं. फ्लॅट आम्हालाच लागेल."

"ठीक आहे, मॅडम."

नुझहत नवघरला चौघींच्या खोलीत पाचवी म्हणून राहायला गेली. शुभदाताईंना वाटलं, आता ती शिकायला येणार नाही. पण शनिवारी ती वेळेवर आली, वही उघडून बसली. फळ्यावर लिहिता लिहिता शुभदाताईंचा हात थांबला. बाकीच्या मुली बघत होत्या.

"नुझहत, कौस्तुभ येत नाहीये."

"माहितीय मला." तिने मान वर केली नाही. "परीक्षा जवळ आलीय, मॅडम. पुढचं सांगा. मला जायचंय इथून."