रणातल्या घराचा घ

दिवाळी झाली की आम्ही मीठ पिकवायला रणात, त्या खाऱ्या ओसाड मैदानात, उतरायचो आणि उन्हाळा सरत आला की मीठ खटाऱ्यांत भरून गावाकडे परतायचो. मधले सगळे महिने आमची शाळा म्हणजे गोणपाटं शिवून केलेला तंबू, खाली फाटकी सतरंजी, आणि तरुबेन. तरुबेन पाटडी गावच्या. पाण्याच्या टँकरवर बसून आल्या त्या आमच्यातच राहिल्या. आमच्यासारखाच बाजरीचा रोटला आणि लसणाची चटणी खायच्या आणि आंघोळीला पाणी मिळत नाही म्हणून आमच्यासारख्याच कुरकुरायच्या.

पहिल्या आठवड्यात त्यांनी सरकारी पुस्तक उघडलं. क कमळाचा.

"बेन, कमळ म्हणजे काय?" मी विचारलं. वर्गात सगळ्यांत जास्त तोंड माझंच चालायचं.

"फूल असतं, हंसू. तळ्यात उगवतं."

"तळं म्हणजे?"

"गोड्या पाण्याचं…" एवढं बोलून त्या थांबल्या. आमच्या डोळ्यांसमोर खाऱ्या पाण्याचे वाफे पसरले होते आणि गोडं पाणी टँकर आला तरच दिसायचं. पुढे छ छत्रीचा आला तेव्हा तर आम्ही हसून लोळलो. रणात छत्री! पाऊस पडायच्या आत आम्ही इथून निघालेलो असायचो.

तरुबेननी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी चहापत्तीच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून बसल्या. म्हणाल्या, "आता तुम्ही सांगायचं. तुम्हाला रोज काय दिसतं, ते सांगा." मग ख खटाऱ्याचा झाला, प पंपाचा, म मिठाचा. पुठ्ठ्यावर डिंकाने अक्षर काढून त्यावर मीठ भुरभुरायच्या. वाळलं की अक्षर खरखरीत उभं राहायचं. त्यावरून बोट फिरवायचं, मोठ्याने वाचायचं, आणि बेनचं लक्ष नसेल तर बोट चाटायचं. त्या पुठ्ठ्यांनी आम्हाला इतकं भराभर वाचता यायला लागलं की आमचे बाप संध्याकाळी येऊन तंबूबाहेर उभे राहायचे आणि आम्ही वाचत असताना उगाच खोकायचे.

वर्गात रूडी नावाची एक मुलगी होती. ती बोलायची नाही. मुकी नव्हती. मागच्या हंगामात तिची मा, लाखु, भर दुपारी शेजारच्या मिठागरावरून पीठ आणायला निघाली आणि पोचलीच नाही. पावलांचे ठसे काही अंतर गेले होते, पुढे कडक जमीन लागली आणि तिथे ते संपले. शोधायला गेलेली माणसं स्वतः भरकटून रात्री उलट्याच बाजूने परत आली. तेव्हापासून रूडीने तोंड उघडलं नव्हतं. वाचायची वेळ आली की नुसतं बोट फिरवायची.

घ आला तेव्हा मी ओरडले, "घ घुडखराचा!" रणात ती रानगाढवं आमच्या झोपड्यांशेजारून पळतात.

"घ घराचा," कुणीतरी म्हणालं.

आवाज ओळखीचा नव्हता, म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं. रूडी बसल्या जागेवरून तंबूच्या उघड्या बाजूने बाहेर बोट दाखवत होती.

"त्या घराचा."

आम्ही कुणीच तिकडे बघितलं नाही. दुपारी रणात जे दिसतं त्याच्याकडे आमच्यात कुणी बघत नाही. लांब, जमीन संपते तिथे, पाणी असल्यासारखं चमकतं आणि त्या चमकेवर काहीतरी उभं असतं. आम्ही त्याला नुसतं 'ते' म्हणायचो. बोट दाखवायचं नाही आणि नाव तर अजिबात द्यायचं नाही, हे चालायला लागण्याआधीच शिकवलेलं असतं.

"बेन, त्याचं कार्ड करू नका," मी म्हणाले. "नाव दिलं की ते जवळ येतं."

पण तरुबेनच्या डोळ्यांत पाणी होतं. वर्षभर गप्प असलेली पोर बोलली होती. मला जवळ घेऊन त्यांनी समजावलं, की जमीन तापली की वरची हवा तापते, मग लांबचं काहीतरी दिसतं, तेही वाकडंतिकडं. जमिनीवर रेघा काढून दाखवलं. मला पटलंसुद्धा. मग त्यांनी घराचं कार्ड केलं, आणि रूडीने ते खणखणीत आवाजात वाचलं.

दुसऱ्या दुपारी त्या घराला भिंती होत्या.

एरवी ते असं नसायचं. काळसर डाग हलतो तसं काहीतरी असायचं. आता मातीची भिंत होती, वर उतरतं छप्पर. रूडी म्हणाली, "झाडपण आहे." तरुबेननी झ झाडाचा केला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "दरवाजा," आणि द दरवाजाचा झाला. बाकीच्यांची वाचताना बोबडी वळत होती. पण रूडी आता घरीसुद्धा बोलायला लागली होती. तिची आजी वालीमा हे ऐकून आनंदाने रडली. पण रूडी काय बोलते आहे हे नीट ऐकलं तेव्हा तिचं रडणं थांबलं आणि ती तडक तंबूत आली.

"बेन, तू शिकलेली आहेस. मी तुला काय सांगणार?" वालीमा म्हणाली. "पण पोरांना इथलं शिकव. पंप शिकव, मीठ शिकव. ते इथलं नाही."

"वालीमा, तिला जे दिसतं त्यातूनच ती बोलती झाली आहे. तेच काढून घेऊ?"

"तू बाहेर येऊन बघितलंस का एकदा?"

तरुबेन हातात चहाची बशी घेऊन बाहेर आल्या. आम्ही त्यांच्या मागे, त्यांच्या साडीला धरून. घर इतकं जवळ होतं की दरवाजाचा निळा रंग कळत होता. झाडाची पानं हलत होती. वारा अजिबात नव्हता. घराखाली मात्र जमीन नव्हती, नुसती चमक होती. बेनच्या हातातली बशी कधी कलंडली त्यांना कळलंच नाही, चहा त्यांच्या पायांवर सांडला.

त्यांनी घर, झाड, दरवाजा, तिन्ही कार्डं पेटीत टाकून कुलूप लावलं. पुढचे काही दिवस आम्ही भाकरी, चूल, इंजिन असलं काहीबाही वाचलं. घर जवळ आलं नाही, मागेही गेलं नाही. निळा दरवाजा बंद होता.

"मला म हवा," एकदा रूडी म्हणाली.

"म झाला की, बेटा. म मिठाचा."

"तो नको. दुसरा."

बेननी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "तो आत्ता नको, रूडी." रूडीने हट्ट केला नाही. मान हलवून ती गप्प बसली. त्यावरूनच आम्हाला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच केलेलं कार्ड आणलं. बिस्किटाच्या खोक्याचा तुकडा आणि बापाच्या वाफ्यातलं मीठ. अक्षर आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं होतं. बेन फळा पुसत होत्या. रूडी उभी राहिली, बाहेर तोंड केलं आणि वाचलं.

"मा."

दरवाजा उघडला. आवाज झाला नाही, पण उघडला. आत अंधार होता आणि अंधारात कुणीतरी उभं होतं. ओढणीचा लाल रंग मी पाहिला. लाखुकाकीला शोधायला गेलेल्यांना खूण म्हणून तीच ओढणी सांगितली होती. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा रूडी तंबूत नव्हती. कार्ड छातीशी धरून ती सरळ चालत निघाली होती.

तरुबेन किंचाळल्या. वाफ्यात दाताळं ओढत असलेला रूडीचा बाप, भूपतभाई, हातातलं टाकून धावला. वालीमाने त्याला वाटेतच दोन्ही हातांनी धरलं. म्हातारीच्या अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे.

"सोड, मा! पोर चालली!"

"तू गेलास तर तूही जाशील. मागच्या वेळी काय झालं? पाय नेऊ नकोस. हाका मार."

"रूडी!" भूपतभाईचा आवाज फाटला. "रूडीऽऽ!"

ती चालतच राहिली. चमकेत तिचे पाय दिसेनासे झाले, मग कमरेपर्यंत दिसेना. तरुबेन आमच्याकडे वळल्या. "रोज वाचता तसं. सगळ्यांनी एकदम. रूडी."

आम्ही ओरडलो. रू-डी. रू-डी. कार्ड वाचताना ओरडतो तसं, एका सुरात. आजूबाजूच्या आगरांवरची माणसं धावत आली आणि तीही ओरडायला लागली. घसा बसला तरी कुणी थांबेना. त्या चमकेत आता लाल होतं, लालाशेजारी छोटं काळं होतं आणि दोघांच्या मध्ये काहीतरी पांढरं. पुष्कळ वेळ ते तिथेच होतं.

मग छोटं काळं वळलं आणि मोठं होत आलं.

रूडी आली ती हसत. हात रिकामे. पाय घोट्यापर्यंत ओले. भूपतभाईने तिला उचलून घेतलं तेव्हा तिच्या पायांवरचं पाणी माझ्या हाताला लागलं. सवयीने मी बोट तोंडात घातलं. ते पाणी गोडं होतं.

"माझ्या माला वाचायला येत नव्हतं," रूडी म्हणाली. "मी शिकवलं. बोट असं धरून फिरवलं. तिला आलं. म्हणाली, आणखी एक अक्षर आण."

वालीमा तिथेच खाली बसली.

संध्याकाळी मोठी माणसं चुलीपाशी जमली. कुणी म्हणालं झोपड्या हलवू, कुणी म्हणालं पोरीला गावी पाठवू. भूपतभाई मात्र तरुबेनच्या तोंडाकडे बघत होता.

"बेन, ती उद्या परत जाईल. दोरीने बांधली तरी जाईल. माझीच पोर आहे, मला माहीत आहे. काय करायचं?"

तरुबेननी चुलीत एक काटकी सारली. म्हणाल्या, "भूपतभाई, लाखुबेनला काही लिहिता यायचं?"

"ती कुठली लिहिणार? अंगठा उठवायची. एकदा टँकरवाल्याने सगळ्यांसमोर हसून विचारलं होतं, नाव तरी माहीत आहे का स्वतःचं? त्या रात्री जेवली नव्हती."

"मग तिला तिचं नाव देऊ."

वालीमा उसळली. "डोकं फिरलंय का तुझं? नाव घेतलं की ते जवळ येतं!"

"आपण घेतलं की आपल्याकडे येतं," तरुबेन म्हणाल्या. "तिने तिचं घेतलं तर? आतापर्यंत तिला एकच शब्द येतो, तो म्हणजे मा. तो शब्द म्हणाली की तिला रूडीकडेच यावं लागतं. मला दुसरं काही सुचत नाही, वालीमा. खरंच सुचत नाही."

ते कार्ड भूपतभाईने लिहिलं. त्याने जन्मात पेन धरलं नव्हतं. बेननी त्याचा हात हातात घेतला नाही, जमिनीवर काडीने काढून दाखवलं आणि त्याने बघून बघून पुठ्ठ्यावर डिंकाचं बोट ओढलं. मीठ भुरभुरलं. कुणी ते मोठ्याने वाचलं नाही. बेननी तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना बजावलं होतं.

पहाटे भूपतभाई ते घेऊन चालत गेला. कडक जमीन सुरू होते तिथे दगडाखाली ठेवून आला. येताना त्याने मागे वळून पाहिलं नाही.

दुपार झाली तशी त्याने पंपाचं इंजिन बंद केलं. हंगामात इंजिन कधी बंद होत नाही. रात्रीसुद्धा त्याच्या आवाजातच आम्ही झोपतो. तो आवाज गेला आणि माझ्या कानांत काहीतरी भरल्यासारखं झालं. आम्ही सगळे तंबूत रणाकडे पाठ करून बसलो होतो. रूडीला वालीमाने मांडीत घट्ट धरलं होतं.

आधी काही नव्हतं. मग लांबून बाईचा आवाज आला.

"ला…"

पुढचं अक्षर लवकर आलं नाही. आम्ही अडखळतो तशी ती अडखळली. मी मनातल्या मनात तिला पुढचं सांगत होते. सांगू नये हे कळत असूनही सांगत होते.

"ला… खु."

मग पुन्हा एकदा, थोडं भराभर. मग एका दमात, जमलं की आपण म्हणतो तसं, जरा मोठ्याने. "लाखु." भूपतभाईने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. रूडी वालीमाच्या हातांतून सुटायला धडपडत होती, पण आवाज मात्र करत नव्हती.

चौथ्यांदा आवाज आला नाही. बऱ्याच वेळाने तरुबेन उठल्या आणि बाहेर गेल्या. मागोमाग मी. जमीन, वाफे, पांढरे ढीग. लांब नुसतं चमकत होतं आणि त्यावर काळसर डाग, नेहमीसारखा.

"तुम्ही तिला घालवलं!" रूडीने तरुबेनच्या पोटावर बुक्क्या मारल्या. "मी शिकवत होते ना! मी शिकवत होते!" बेननी तिला मारू दिलं. भूपतभाई उठून इंजिन सुरू करायला गेला. पट्टा दोनदा निसटला, शेवटी दुसऱ्या कुणालातरी चालू करावं लागलं.

रूडी कितीतरी दिवस शाळेत आली नाही. तंबूबाहेर मिठाच्या ढिगाला टेकून बसायची. बेन आत शिकवायच्या, पण जरा मोठ्या आवाजात, तिला ऐकू जाईल असं. जोडाक्षरं सुरू झाली तेव्हा ती आत येऊन मागे बसली आणि पहिल्याच दिवशी माझी चूक काढली. त्यानंतर ती इतकं बोलायला लागली की वालीमा म्हणायची, बेन, हिला थोडं विसरायचंही शिकव.

तरुबेन आणखी दोन हंगाम आल्या. पुठ्ठे करणं त्यांनी सोडलं नाही. फक्त नवं कार्ड करण्याआधी आम्हाला विचारायच्या, "हे म्हणायचं ना रे?" आम्ही हो म्हटलं तरच डिंक उघडायच्या. तिसऱ्या हंगामात त्यांची बदली झाली. ती पेटी त्यांनी कुलपासकट नेली, की वाटेत कुठे ठेवली, आम्हाला माहीत नाही.

मी अजून रणात उतरते. रूडीही येते, तिला आता दोन मुलं आहेत. दुपारी आम्ही सगळ्या त्या चमकेकडे पाठ करून जेवतो. ती एकटी तिकडे तोंड करून बसते. काय दिसतं म्हणून विचारलं तर रोटल्याचा तुकडा मोडत म्हणते, "काही नाही. वाचत असेल."