पारावरची बैठक

लोणाईवाडीत पार म्हणजे गावाचं डोकं. मारुतीच्या देवळापुढं लिंबाभोवती बांधलेला दगडी पार. त्यावर बसून पुरुषांनी सोयरिकी जुळवल्या, मोडल्या, बांधाची भांडणं मिटवली आणि पेटवलीही. बाईमाणसानं तिथं बसणं तर सोडाच, समोरून पायात चपला घालून जायचीही सोय नव्हती. गिरणीच्या कोपऱ्यावर चप्पल काढायची, हातात धरायची, पदर नाकापर्यंत ओढायचा आणि पार मागं पडला की मग चप्पल पुन्हा पायात. ही रीत कुणी लावली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

वनमाला परळीहून लग्न होऊन आली तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात तिला हे शिकवलं. परळीत ती सायकलवर शाळेत जायची. इथं उन्हाळ्याच्या दुपारी गिरणीपासून देवळापर्यंत अनवाणी चालली आणि तळपायाला फोड घेऊन घरी आली. सासू फोडांना तूप लावत म्हणाली, "व्हतंय सवयीनं." आणि झालंही. पुढं सासू गेली, वनमालाची मुलं मोठी झाली, केसांत पांढरं डोकावलं, तरी गिरणी आली की हात आपोआप पायाकडं जायचा.

तिचे सासरे म्हणजे गावाचे आप्पा. ऊस, कापूस, ट्रॅक्टर, तालुक्यात ओळख आणि पारावर शेवटचा शब्द. माणूस वाईट नव्हता. मुलींच्या शाळेला भिंत त्यांनीच घालून दिली होती. महिला दिनाला वडवणीत त्यांचं भाषण असायचं, आणि ते चांगलं व्हायचं.

वनमाला मात्र भाषणानं नाही, कापडानं बदलली. तेलगावात ईश्वरी नावाची बाई वडिलांचं कापडाचं दुकान चालवायची. दुकानामागच्या खोलीत तिनं महिला हक्क मंच सुरू केला होता. वनमाला तिथं गेली ती ब्लाऊजपीस बदलून घ्यायला, आणि खोलीतलं बोलणं ऐकत दारातच उभी राहिली. नवऱ्यानं हाकललं तरी बाईला राहत्या घरातून कुणी काढू शकत नाही, असं ईश्वरी सांगत होती. ब्लाऊजपीस बदलायचं राहूनच गेलं. वर्षभरात मंचाची शाखा लोणाईवाडीत निघाली. वनमालाच्या मागच्या अंगणात बाया जमू लागल्या. पारावरचे पुरुष त्याला 'बायांची भिशी' म्हणायचे आणि हसायचे. बायांनीही तो गैरसमज राहू दिला.

एके सकाळी मागच्या दाराला मंगल आली. तिचा नवरा शहादेव आप्पांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. मंगलच्या ओठाला खपली होती आणि धाकटी लेक कडेवर होती.

"वैनी, उद्या पारावर बैठक हाय म्हणं माझी."

"कशाची बैठक?"

"धारूरकडची पोरगी बघून आलेत हे. मला दोन्ही पोरीच झाल्या म्हणून. मला माहेरी धाडायचं, सोडचिठ्ठीवर अंगठा घ्यायचा, अन् पोरी सासूकडं ठिवायच्या. सगळं ठरलंय."

"तू काय म्हणालीस मग?"

मंगल हसली. खपली ताणली गेली म्हणून लगेच थांबली. "मला कोण इचारतंय? बैठकीत बाईनं बोलायचं न्हाई. माझ्या बाजूनं भाऊ बोलंल, अन् भावाला ह्यांनी कालच पाजून गार केलंय."

बैठक बोलावली होती आप्पांनी. दुसऱ्या कुणाच्या घराशी भांडायचं असतं तर ती केव्हाच पदर खोचून निघाली असती.

आप्पा ओसरीवर पेपर वाचत होते. ती दाराआड उभी राहिली, नेहमीसारखी.

"मामंजी, उद्याच्या बैठकीत मंगल सोता बोलंल."

पेपर खाली आला नाही. "बाईनं बैठकीत तोंड उघडायची रीत न्हाई, सूनबाई."

"तिच्या संसाराची बैठक हाय. तीच न्हाई बोलायची तर कोण बोलायचं?"

"तिचा भाऊ हाय. मी हाय. अन्याव न्हाई होऊ देणार."

"महिला दिनाला तुमीच म्हणलात, बाईला बोलू द्या म्हणून."

आता पेपर खाली आला. आप्पांनी चष्मा काढला. आवाज चढला नाही, आप्पांचा आवाज कधीच चढायचा नाही. "भाषण येगळं अन् बैठक येगळी. तू घरातली शहाणी बाई हायस. शहाणीच ऱ्हा."

त्या संध्याकाळी वनमालानं ईश्वरीला फोन केला. मग घरोघर गेली. काही दारं तोंडावर बंद झाली. एकीनं तर सांगितलं, "तुमचं बरं हाय, तुमाला घर हाय, शेत हाय. उद्या आमाला कामाला कोण बोलवंल?" वनमाला पुढच्या दाराकडं वळली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, बायनाबाई, तेवढी पटकन उठली. "येते की. माझं कोण काय उपटणार हाय आता?"

दुसऱ्या दिवशी ऊन कलतं झाल्यावर पार भरला. मधोमध आप्पा, शेजारी त्यांचा मुलगा विजयसिंह, म्हणजे वनमालाचा नवरा, आणि पुढं नव्या शर्टातला शहादेव, त्याच्यामागं मंगलचा भाऊ. मंगलची उभं राहायची जागाही ठरलेली होती: देवळाच्या भिंतीआड.

तेवढ्यात गिरणीकडून आवाज आला. चपलांचा. कुणाच्या रबरी फटक-फटक, कुणाच्या टाचेच्या टक-टक. पुरुषांनी माना वळवल्या. पुढं काठी टेकत बायनाबाई, मागं वनमाला, मंगल, तेलगावहून आलेली ईश्वरी आणि त्यांच्यामागं बाया. सगळ्याजणी काही आल्या नव्हत्या, पण ज्या आल्या होत्या त्यांच्या सगळ्यांच्या पायात चपला होत्या.

गिरणी ओलांडताना वनमालाचा हात सवयीनं खाली गेला होता. तिनं तो मुठीत आवळून धरला. समोर विजयसिंहानं तिला पाहिलं आणि दुसरीकडं बघितलं.

बायनाबाई थांबलीच नाही. काठी पाराच्या कडेला टेकवली, एक हात दगडावर ठेवला आणि वर चढून बसली.

"अगं ए म्हातारे!" कुणीतरी ओरडलं. "खाली बस की!"

"गुडघं गेलेत बाबा माझे. खाली बसले तर उठवायला तुमीच याल का?"

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि आप्पांकडं बघून गप्प झालं.

"बायनाबाई," आप्पा म्हणाले, "तुमचं वय झालंय म्हणून मी काय म्हणत न्हाई. पण ह्या बाकीच्यास्नी सांगा, मागं व्हा म्हणावं."

"आप्पा, तुला मी उघडा फिरताना बघितलंय ह्याच पाराभोवती. मला तुमी-आमी करू नको. अन् त्यांनला काय सांगायचं ते त्यांच्याशीच बोल. तोंड हाय त्यांनला."

मग ईश्वरी बसली. मंगल तिच्या शेजारी बसली, धाकटीला मांडीवर घेऊन. वनमाला उभी राहिली होती ती एवढ्यासाठी, की सासऱ्यासमोर ती कधीच बसली नव्हती. घरात पाटावरसुद्धा नाही.

"सूनबाई, घरी जा," आप्पा म्हणाले.

हे शब्द ऐकले आणि ती बसली. अगदी समोर, त्यांच्या बरोबरीनं. डोक्यावरचा पदर तसाच होता, तो तिनं काढला नाही. मान मात्र वर होती.

"मी तुमच्या घरची सून म्हणून न्हाई आले मामंजी. गावातली बाई म्हणून आलेय. मंगल बोलंल, अन् आमी ऐकणार. तुमीबी ऐका."

शहादेव उसळला. "ही माझी बायको हाय! माझ्या घरातलं हाय हे! तुमी कावून मधी पडता?"

"घरातलं हाय तर पारावर कावून आणलंस?" वनमालानं विचारलं.

शहादेवानं मंगलकडं बोट केलं, एक घाण शिवी घातली आणि पुढं आला. बायनाबाईनं काठी आडवी केली. ईश्वरीनं मोबाइल वर धरला होता. "बोला दादा, अजून बोला. सगळं येतंय ह्यात." तो जागीच थांबला.

मंगलनं घसा खाकरला.

"मला सोडचिठ्ठी नको. मी अंगठा देणार न्हाई. त्या घराच्या भिंती मी लिंपल्यात, पत्र्याखालची वीट मी डोक्यावर वाहून आणलीय. मी माहेरी जाणार न्हाई अन् माझ्या पोरी कुणाला देणार न्हाई. ह्यांनी दुसरी आणली तर मी ठाण्यात जाणार. मारलं तरी जाणार. अन् पोरी झाल्या म्हणता, तर पोरी काय मी एकटीनं केल्या?"

मागं उभ्या बायांमधून हसू फुटलं, मोकळं, मोठं. पारासमोर बाया हसल्या, असं गावानं कधी ऐकलं नव्हतं.

आप्पा उठले. धोतर झटकलं. "बायांच्या बरोबरीनं बसून न्याव करायची येळ अजून माझ्यावर आलेली न्हाई. बैठक मोडली."

"मग उभं ऱ्हाऊन कर," बायनाबाई म्हणाली.

पण ते गेले. त्यांच्यामागं एकेक करत बाकीचे गेले. विजयसिंह शेवटी उठला. बायकोजवळून जाताना क्षणभर घुटमळला आणि पुढं निघून गेला. बघता बघता पारावर फक्त बाया राहिल्या. एकमेकींकडं बघत. आता काय करायचं, हे कुणीच ठरवलं नव्हतं.

तोवर शहादेव घरी जाऊन पुढं सटकलाही होता. बाया मंगलला घेऊन गल्लीत आल्या तर दाराला कुलूप, थोरली पोरगी बाहेर रडत बसलेली, आणि सासू भिंतीला टेकून म्हणत होती, "किल्ली त्याच्यापाशी हाय, मला काय म्हाईत."

ईश्वरीनं वडवणीच्या ठाण्यात फोन लावला, झाला प्रकार सांगितला. तिकडून उत्तर आलं, उद्या सकाळी या. "उद्यापोतर हिनं कुठं ऱ्हायचं?" वनमालानं फोन घेऊन विचारलं. तिकडं नुसती खरखर.

"माझ्या घरी चल," एकजण म्हणाली.

मंगलनं मान हलवली. "आज तुझ्या घरी गेले तर उद्या माहेरी गेले म्हणून सांगतील." ती शेजारच्या गोठ्यात गेली आणि पहार घेऊन आली. वनमाला पुढं झाली तसं तिनं थांबवलं. "न्हाई वैनी. तुमी तोडलं तर गुन्हा हुईल. मी तोडते. घर माझं हाय, कुलूपबी माझं."

कुलूप जुनं होतं, पण निबर. मंगल घामानं भिजली. गल्ली बघत होती. शेवटी कोयंडाच उखडला, दार आत गेलं आणि थोरली पोरगी आईच्या आधी आत पळाली. सासू तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, मग उठून तीही आत गेली.

त्या रात्री आप्पांनी वनमालाच्या हातचं ताट सारलं. दुसऱ्या दिवशी पार गोमूत्रानं धुतला गेला. त्या दुपारीही आप्पांनी तिच्या हातचं ताट सारलं तेव्हा विजयसिंह म्हणाला, "आप्पा म्हणत्यात, चार दिस परळीला जाऊन ये. जरा गार होऊ दे."

"तुमी काय म्हणता?"

"मी काय म्हणू?"

"बघा, तुमी पुरुष असून तुमालाबी पारावर बोलता येत न्हाई," ती म्हणाली. "मी कुठं जाणार न्हाई. ह्या घरात मीबी ऱ्हाते." आणि आप्पांनी सारलेलं ताट तिनं स्वतःपुढं ओढलं आणि जेवली.

पार धुतल्यावर पुढच्या सोमवारी बाया पुन्हा तिथंच बसल्या. त्याच्या पुढच्या सोमवारीही. कामाला कोण बोलवंल म्हणणारी बाई सुरुवातीला लांब गिरणीपाशी उभी राहायची, मग पाराच्या कडेला येऊन टेकली. मंगलची तक्रार ठाण्यात नोंदली गेली. त्यासाठी चार खेटे घालावे लागले. ईश्वरीनं घेतलेला व्हिडिओ मोबाइलवर फिरत धारूरपर्यंत गेला आणि तिथल्या लोकांनी सोयरीक मोडली. शहादेव महिन्याभरानं घरी आला तो मान खाली घालून. मंगलनं त्याला आत घेतलं, पण तक्रार मागं घेतली नाही. "वागतो कसा ते बघू आधी," म्हणाली. पुरुषांची बैठक बसस्टँडजवळच्या हॉटेलात भरू लागली. आप्पा तिकडंही फारसे जात नव्हते.

अशातच एक दिवस वनमालाचा फोन वाजला. नणंद, प्रियदर्शनी. आप्पांची एकुलती लेक, लातूरला दिलेली. तिचा फोन सणासुदीलाच यायचा.

"वहिनी, व्हिडिओ बघितला मी. कितींदा बघितला, सांगता येणार नाही."

"आप्पा लई रागावलेत गं."

"माहीत आहे. ते मला म्हणतात, ह्या राखीला ये आणि शेताच्या हक्कसोडीवर सही करून जा." ती थांबली. "मला सही करायची नाही, वहिनी. मला माझा हिस्सा पाहिजे. मंगलसाठी बसलात तुम्ही. माझ्यासाठी बसाल?"

वनमाला ओसरीत उभी होती. समोर शेत होतं, नजर जाईल तिथवर उसाचं. त्यातला कोणता तुकडा तिच्या मुलांचा, हे विजयसिंहानं केव्हाच बोलून ठेवलं होतं. प्रियदर्शनी मागत होती ते त्याच शेतातलं, वनमालाच्याच लेकरांच्या वाट्याचं. दुसऱ्याच्या दारातलं कुलूप तोडायला ती लगेच पुढं झाली होती. आता तिनं एकदा आतल्या दाराकडं पाहिलं. आतून आप्पांचा खोकला ऐकू आला.

"वहिनी? ऐकताय ना?"

"ऐकतेय," वनमाला म्हणाली. तिनं आवाज बारीक केला नाही. आत ऐकू जाईल एवढा मोठाच ठेवला. "ये. सोमवारी ये. सही करू नको. तुझं तू बोल, मी शेजारी बसते."