बावीस उंदरांचा नकाशा

शालिकराम सराचे हात आठवले का मले अजूनही किळस येते. उंदरांचं काही नाही, ते बिचारे मरून मोकळे झाले. पण ते हात! दिवसातून दहादा साबणानं धुतलेले, गोरेपान, नखात कणभर मळ नसलेले. थू.

१९६९ ची गोष्ट. मी फकिरा, रामपायलीचा, मॅट्रिक पास. बालाघाटच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होतो. सर तिथं मेंदूचा नकाशा काढून राह्यला होता. मेंदूच्या मधात थॅलॅमस नावाची गाठ असते. डोळ्याचं, कानाचं, मिशांचं सारं टपाल पहिले तिथं येते, मग वरच्या सालीत, म्हणजे कॉर्टेक्सात, आपापल्या पत्त्यावर जाते. कोणती तार कुठं जाते, ते सराले शोधायचं होतं. उंदराले बेशुद्ध करायचं, कवटीतून सुई घालून करंटनं ती गाठ जराशी जाळायची. सात दिवस उंदीर पोसायचा. तोवर जळल्या जागेतून निघणाऱ्या तारा मरतात. मग उंदीर मारून मेंदूचे पातळ काप करायचे अन् चांदीच्या औषधात बुडवायचे. मेलेल्या तारा काळ्या दिसतात. त्या रेघा धरत गेलं का नकाशा तयार.

सुई सर स्वतः घाले. जिवंत उंदराले हात लावायले त्याले काही वाटत नसे. पण उंदीर मेला का दोन पावलं मागं. "फकिरा, ले जा रे इसको." मेलेलं शिवलं तर घरी डोक्यावरून अंघोळ करा लागे म्हणे. म्हणून मेंदू काढणं, काप करणं, औषध लावणं, सारं माह्या गळ्यात. मेंदू टिकवायच्या फॉर्मॅलिननं बोटांची सालटं निघत. भाताले तोच वास. बायको अंजना ताट वाढे अन् पदर नाकाले लावून दूर बसे.

माहा बाप बाबूलाल. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला अन् त्याच आठवड्यात गावच्या पटेलाचा बैल मेला. बोलावणं आलं. बाप म्हणाला, आता मेलेलं आमी ओढत नाही. तीन दिवस बैल सडला. आमचं पाणी बंद झालं, पण बाप जागचा हलला नाही. अन् त्याचा शिकलेला पोरगा उंदीर उचलून राह्यला होता. हे विज्ञान आहे बाबा, असं मी मनाले समजावत होतो. शिवाय सराचा शब्द होता. परिषदेत नकाशा दाखवला का जबलपूरच्या एका प्रयोगशाळेत टेक्निशियनच्या जागेसाठी माह्या नावाची शिफारशीची चिठ्ठी. त्या चिठ्ठीसाठी मी दीड वर्ष नाक दाबून काढलं.

तोवर मी नुसते काप करत गेलतो. बाविसावा मेंदू कापताना ध्यानात आलं, जळल्याचा डाग थॅलॅमसात नाहीच. त्याच्या वर, दुसऱ्याच भागात. जुने काप काढून पाह्यले. बाविसातल्या एकोणिसांत तेच. सुई किती खोल घालायची, त्याचं माप विलायती पुस्तकात पांढऱ्या उंदराचं होतं. पांढरे उंदीर आमच्या उन्हाळ्यात मरून गेलते. मग लांजीच्या धानाच्या गोदामातले धरून आणले. ते खाऊन खाऊन दणकट, डोकी मोठी. सुई खाली पोचलीच नाही. काप काचेच्या पट्ट्यांवर चिकटवलेले असत; सर त्यातल्या फक्त वरच्या सालीच्या काचा मागून घेई. मेंदू कापताना तो एकदाही माह्याजवळ उभा राह्यला नाही, तर त्याले डाग दिसावा कसा?

मी त्याच्या टेबलापाशी गेलो. भिंतीवर लाल-निळ्या शाईचा नकाशा टांगला होता, मोठा देखणा.

"सर, सुई वरच थांबली. हा नकाशा थॅलॅमसचा नाही."

"परिषद सोमवारी आहे," सर म्हणाला.

"पण हे खोटं आहे, सर."

"बालाघाटात कोण पाहायले येऊन राह्यलं?" त्यानं खणातून लिफाफा काढला. वर माहं नाव टाइप केलेलं. "हे घे. त्या काचा फेकून दे. अन् हा ट्रे उचल, वास येऊन राह्यला."

ट्रेमध्ये बाविसाव्या उंदराचं धड होतं. सरानं नाकाले रुमाल लावला. मले त्या रुमालाची शिसारी आली. खोटं बिनधास्त करायचं, वास तेवढा नको. अन् खरं सांगतो, मले माहीही शिसारी आली, काहून का माहा हात लिफाफ्याकडं गेलता.

मी हात मागं घेतला.

"चिठ्ठी राहू द्या," मी म्हणालो. "उंदीर तुमचा आहे. तुम्हीच उचला."

तो शुक्रवार होता. सोमवारी सर नकाशा घेऊन नागपूरले गेला, टाळ्या घेऊन आला. उंदीर तिथंच होता. आख्ख्या कॉलेजात दुर्गंधी, पोरं रुमाल बांधून वर्गात बसलेली. सरानं त्याले हात लावला नाही. मीही नाही.

बुधवारी मले प्राचार्य साहेबांचा मेमो आला. सफाई का केली नाही, कारण लिहा. मी शांतपणे बसून लिहिलं: मेलेलं आमी उचलत नाही. बावीस मेंदूंच्या काचा कपाटात आहेत. डाग कुठं आहे, ते साहेबांनी स्वतः पाहून घ्यावं.

नोकरी गेली. कपाट कोणी उघडलं का नाही, मले माहीत नाही. त्या दिवशी जेवताना अंजना माह्या शेजारी बसली.