फळा काही बोलला नाही

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, आज तुम्ही मला असोद्याच्या बालवाडीत पाहता आणि माझ्यावर मोर नि बदकं काढता. पण एकेकाळी सगळं गाव माझ्यापुढे थांबून मगच कामाला लागायचं, बरं का.

जीवराम सुतारानं १९८२ साली सागाच्या फळ्या जोडून मला बनवलं आणि बसथांब्याजवळ टांगलं. दर रविवारी मला काळं करत. बॅटरीचे संपलेले सेल फोडायचे, आतली काळी पूड भोपळ्याच्या पानांच्या रसात कालवायची आणि मला चोळायची. हे काम उखर्डूआबांची लेक कुंदा करी. सातवीतली पोर, कोपरापर्यंत काळी व्हायची, पण एक जागा सुटू द्यायची नाही.

माझ्यावर केळीचा भाव असे, वीज कधी जाणार ते असे, रॉकेल कधी येणार तेही असे. उखर्डूआबांना अक्षरओळख नव्हती. रोज सकाळी ते येत आणि भेटेल त्याला म्हणत, "काय लिव्हेल हाये आज? वाच बरं, भाऊ." सहा वर्षांत माझं एकदाही खोटं निघालं नाही. मला त्याचा भारी गर्व होता. तोच पुढे नडला.

माझ्यावर लिहायचा लीलाधर. बी.ए. झालेला, अक्षर वळणदार, नोकरीचे अर्ज करून करून थकलेला. एरंडोलची एक डी.एड. झालेली मुलगी तो पाहून आला, आणि तिनं नकार कळवला. त्या दिवशी तो कुणाजवळ रडला असता तर बरं झालं असतं. त्यानं खडू उचलला आणि सुविचाराच्या जागी लिहिलं, 'शिकलेल्या पोरींना माणूस नको, पगार हवा.'

चार जण हसले. दोघं त्याच्यासारखेच रिकामे होते, एकाची गिरणी बंद पडली होती. दुसऱ्या दिवशी दहा जण जमले, मग रोजच जमू लागले. एकमेकांचं दुःख कुणी विचारत नव्हतं. आज कुणाच्या पोरीवर काय लिहिलंय, तेवढंच पाहायला येत. बसमधून उतरलेले परगावचे लोकही एखादी ओळ खरडून जात. खाली नाव कुणाचंच नसे. एकट्यानं तोंड उघडायची ज्यांची छाती नव्हती, ते घोळक्यात शूर झाले. पोरी मान खाली घालून बसमध्ये चढू लागल्या.

कुंदा तेव्हा जळगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला आपल्याच गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचं होतं. एका सकाळी लीलाधरनं लिहिलं, 'उखर्डूची कुंदा कॉलेजात कमी, एस.टी. स्टँडमागे जास्त.'

तेवढ्यात उखर्डूआबा आले आणि नेहमीप्रमाणे त्यालाच वाचायला सांगू लागले. लीलाधर चपापला. "आज काही नाही, आबा. विजेचंच आहे." मागून कुणीतरी फिसकन हसलं. पुसायला एक हात पुरला असता, पण चौघांसमोर पुसायची त्याला लाज वाटली. आबांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते तिथेच बसून राहिले.

संध्याकाळच्या बसमधून कुंदा उतरली. आबा म्हणाले, "कुंदे, वाच."

तिनं वाचलं. न अडखळता, शेवटच्या शब्दापर्यंत. मग म्हणाली, "आबा, हे खोटं हाये."

"फयावर लिव्हेल खोटं कसं असीन?" आबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बस तिच्याशिवाय गेली. वैशाखात तिचं लग्न लावून तिला धुळ्याला, देवपुरात दिलं. बी.एस्सी. राहिलं ते राहिलंच. जिनं मला काळं केलं, तिच्याच विरुद्ध मी साक्ष दिली, मित्रांनो. हे दुःख मला वाळवीपेक्षा जास्त पोखरतं.

पुढे तो घोळका पांगला. मी ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात धूळ खात पडलो. १९९२ साली गावात साक्षरता वर्ग निघाला, तेव्हा मला पुसून पुन्हा टांगलं. शिकवायला लीलाधर होता. पहिल्या रांगेत उखर्डूआबा बसत. कुंदाची पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा त्यांना कंटाळा आला होता.

पाचव्या महिन्यात, एका गुरुवारी, आबांनी खडू मागितला. वेड्यावाकड्या अक्षरांत माझ्यावर लिहिलं, 'आज रविवार.'

"आबा, आज गुरुवार आहे," लीलाधर म्हणाला.

"मले माहीत हाये. पन फया काही बोलला नाही." आबांनी खडूची बोटं धोतराला पुसली. मग हळूच म्हणाले, "मंग तव्हा बी नसीन बोलला."

लीलाधरनं घाईनं डस्टर उचललं. आबांनी त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. कुंदी दिवाळीले येईन. तिले वाचू दे."

डस्टर ठेवून लीलाधर मागे जाऊन शिकणाऱ्यांत बसला.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. खरं लिहा, खोटं लिहा, मी सारखंच धरून ठेवतो. म्हणून कुणाबद्दल वाईट लिहिलेलं दिसलं, तर हसत उभे राहू नका. पुसायला एक हात पुरतो. कुंदाच्या वेळी तो कुणीच उचलला नाही.