डोरोथी आत्याचे नऊशे फुगे

"आत्या, शेगडी पेटतच नाहीये गं!"

पर्ल शेडच्या दारातून ओरडली तेव्हा डोरोथीचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते. पर्ल म्हणजे तिच्या भावाची मुलगी, उद्याची नवरी. केसांत रोलर, अंगात जुनी मॅक्सी आणि चेहऱ्यावर आत्ता रडू की मग रडू असे भाव.

"लायटर गेला असेल. काडी घे."

"काडीने पण बघितलं. गॅसच येत नाहीये. साधं फुस्स पण होत नाही!"

डोरोथीने मान वर केली. परातीत मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि ताडी घातलेलं पीठ पहाटेपासून आंबत होतं आणि आता ते काठाच्या वर डोकं काढून बाहेर बघत होतं. घाई होऊ नये म्हणून तिने आज ताडी जरा सढळ हाताने घातली होती. हीच ती चूक. असं पीठ एकदा काठाला आलं की चार तास मिळतात. त्यानंतर ते आंबट ढाण होतं, आणि मग त्याचे फुगे होत नाहीत, फक्त तोंडं वाकडी होतात.

मरोळ गावठाणात फुग्यांशिवाय लग्न नाही. आदल्या संध्याकाळी बायका बँड लावून, नाचत-गात विहिरीवर जातात आणि नवरीच्या अंघोळीसाठी 'उंबराचं पाणी' आणतात, आणि परत आल्यावर सगळ्या गावाला मटणाच्या रश्श्यासोबत फुगे लागतात. तळलेले, गोल गरगरीत, बाहेरून तांबूस आणि आतून कापसासारखे. दोनशे माणसांना नऊशे फुगे. आणि हे फुगे करायचे कुणी? डोरोथीने. फक्त डोरोथीने.

एरवी डोरोथीकडे कुणी वळून बघावं असं काही नव्हतं. साकीनाक्याच्या औषध कंपनीत तेवीस वर्षं तिने गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरल्या. लग्न केलं नाही. कंपनी बंद पडली तेव्हा निरोप समारंभात साहेबांनी तिला 'डोरिस' म्हणून हाक मारली, आणि तिनेही ते दुरुस्त केलं नाही. पण कुणाच्या घरी लग्न ठरलं की आधी तिच्या दारात माणूस यायचा, आणि मग चर्चमध्ये. त्या दिवशी ती शेडमध्ये शिरायची, दार आतून लावायची आणि काही तासांनी टोपल्या बाहेर यायच्या. आत ती मुठीतून गोळा कसा सोडते, अंगठा कुठे ठेवते, ते कुणी पाहिलं नव्हतं. आईने बाराव्या वर्षी तिला शिकवलं तेव्हा पहिलं वाक्य होतं, "आधी दार लाव."

आणि आज बारा वाजता गॅस गेला होता.

घरातली शेगडी मात्र छान निळी पेटत होती. म्हणजे बंद फक्त शेडचा. शेडला व्यावसायिक जोडणी होती. बारा वर्षांपूर्वी पाइप आला तेव्हा डोरोथीने ऐटीत दोन्ही चुली स्वतःच्या हाताने फोडल्या होत्या आणि त्यांच्या विटांवर तुळस लावली होती.

नेमका तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून मार्कसचा आवाज आला. मार्कस आपल्या कुत्र्याशी बोलत होता.

"बघ रे बाबा, लोक मोबाइलवरचे मेसेज वाचत नाहीत. तीन दिवस झाले येऊन. हॉटेलं, कारखाने, सगळ्यांचा गॅस बारा ते पाच बंद. घरगुती चालू. पण वाचेल कोण?"

आता हे सांगायला हवं की मार्कस आणि डोरोथी अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भिंतीला भिंत, ओट्याला ओटा, पण अबोला. मार्कसला काही सांगायचं असलं की तो कुत्र्याला सांगायचा. डोरोथीला उत्तर द्यायचं असलं की ती तुळशीला सांगायची. दोघांचंही व्यवस्थित चाललं होतं. तुळस तर फोफावली होती.

पण नऊशे फुग्यांपुढे तुळस काय करणार?

"मार्कस," डोरोथी ओट्याच्या कडेशी येऊन म्हणाली, "गॅस गेला कुठं?"

मार्कसच्या हातातला पेपर खाली आला. कुत्र्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. अकरा वर्षांत त्याला पहिल्यांदाच सुट्टी मिळाली होती.

मार्कस गोदीत क्रेन चालवून निवृत्त झालेला. जहाजं हा त्याचा जीव. मोबाइलवर तो दिवसभर कुठलं जहाज कुठं आहे ते बघत बसायचा.

"वळवला," तो म्हणाला. "मी स्वतः बघत होतो ना! गॅसचं जहाज, हे एवढं मोठं, सरळ आपल्याकडे येत होतं. अरबी समुद्रात आलं आणि गर्रकन वळलं. तिकडे गॅस विकणाऱ्या एका देशाचं शेजाऱ्याशी वाकडं आलंय. करारावर सही करा म्हणतात, नाहीतर गॅस नाही. मग सगळेच दुसरीकडून गॅस ओढायला लागले, आणि आपलं जहाज पळवलं. गोळी नाही, बंदूक नाही. नुसता नळ बंद करायचा."

"त्यांच्या भांडणात माझ्या पिठाचा काय संबंध?"

"तेच तर! ज्याच्याकडे नळ असतो ना, त्याला मजा वाटते. कुणाच्या घरी काय करपलं ते त्याला दिसत नाही."

"मेल्यांनो, लाज नाही वाटत?" डोरोथी त्या देशाला उद्देशून पश्चिमेकडे बघत म्हणाली. "एकट्याकडे आहे म्हणून काय लोकांच्या तोंडचा घास काढायचा?"

मार्कसने चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"डोरोथी, हे तू बोलतेस?"

"का? मी का नको बोलू?"

"माझ्या मुलीच्या लग्नात आम्ही बेकरीचे पाव वाढले गो."

एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. पण डोरोथीला वाटलं, कुणीतरी तिच्याच शेडचं दार बाहेरून उघडलं.

झालं होतं असं. डोरोथीची आई वारली तेव्हा तिच्या महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, डोरोथीने फुगे केले होते. मार्कसने एक खाल्ला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "चांगले आहेत, पण म्हातारीच्या हाताची सर नाही." बस्स! तीन महिन्यांनी त्याच्या मुलीचं लग्न होतं. तो दारात आला तेव्हा डोरोथी म्हणाली, "माझा हात दुखतो." हात अजिबात दुखत नव्हता. पुढच्याच रविवारी तिने दुसऱ्या लग्नाचे सहाशे केले होते, दार लावून, गाणं म्हणत. मार्कसच्या मांडवात माणसं रश्श्यात पाव बुडवत होती आणि एकमेकांकडे बघत होती, ते तिला खिडकीतून दिसलं होतं. त्या रात्री ती फार खुशीत झोपली होती. खरंच सांगायचं तर फार खुशीत.

"आत्या!" पर्ल धावत आली. "परातीतून बाहेर येतंय ते!"

पीठ खरोखर काठावरून खाली उतरत होतं, निवांत, जणू फिरायला निघालंय.

"सिलिंडर?" डोरोथीने विचारलं.

"सगळ्या हॉटेलांनी उचलले. बाबांनी पवईपर्यंत फोन करून बघितले."

"घरच्या शेगडीवर करते."

"एका कढईत दहा," मार्कस म्हणाला. "नऊशे व्हायला नवरीची पहिली ॲनिव्हर्सरी येईल."

पर्ल रडता रडता फिस्सकन हसली. मग म्हणाली, "आत्या, राहू दे. आपण पण पाव आणू."

हे तिने इतक्या शहाण्यासारखं म्हटलं की डोरोथीने तिच्याकडे पाठच फिरवली. ती परातीपाशी गेली. पीठ दाबलं तर ते हसल्यासारखं परत वर आलं. दाबून ठेवता येणारी वस्तूच नव्हती ती.

"गावठाणात घरगुती शेगड्या किती?" तिने मार्कसला विचारलं.

"आपल्या गल्लीत चौदा घरं. आणि बाजूच्या बिल्डिंगीतली राधाताई धरली तर पंधरा."

"पंधरा कढया." डोरोथीने मोठा श्वास घेतला. "पर्ल, सगळ्यांना बोलव. प्रत्येक घरातून एक माणूस, हात धुऊन. आणि ते दार उघड."

"उघडंच आहे आत्या."

"पूर्ण उघड. खाली वीट लाव."

दहा मिनिटांत शेड भरलं. बायका, दोन काका, आणि मार्कसचा मुलगा शॉनसुद्धा. घरून लॅपटॉपवर काम करत होता तो. मीटिंग चालू ठेवून, कानात इअरफोन घालून आला. नर्स असलेली राधाताई ड्यूटीवरून नुकतीच आली होती, युनिफॉर्मवरच उभी राहिली. जिथे कधी कुणाला पाय ठेवायला मिळाला नव्हता, तिथे उभं राहिल्यावर माणसं आपोआप देवळात असल्यासारखी वागतात.

डोरोथीने डावा हात तेलाने माखला. पीठ मुठीत घेतलं. क्षणभर थांबली. बाराव्या वर्षीचं ते वाक्य कानात वाजलं असेल कदाचित. मग तिने मूठ सगळ्यांच्या समोर धरली.

"नीट बघा. तीन बोटं खालून दाबायची. अंगठा आडवा, उभा नाही. वर गोळा आला की चमच्याने कापायचा नाही, नुसता उचलायचा. कापला तर हवा जाते."

अंगठ्याच्या फटीतून एक गोळा वर आला, गुळगुळीत, गोल, आणि टप्पकन चमच्यात बसला.

"एवढंच?" शॉनच्या तोंडून निघालं.

"एवढंच," डोरोथी म्हणाली. आणि तिलाही नवल वाटलं. इतकी वर्षं दाराआड जपलेलं ते खरंच एवढंच होतं.

मग जी धमाल उडाली ती विचारू नका! पातेल्यात, डब्यात, एकाने तर हेल्मेटात पिशवी घालून पीठ नेलं. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांमधून तेलाचा चर्रर आवाज यायला लागला. डोरोथी पायात स्लीपर घालून या घरातून त्या घरात पळत होती. "अंगठा आडवा! आडवा म्हटलं ना!" "अगं तेल धुरावतंय, कमी कर!" "हे काय केलंस, फुगा आहे की बटाटा?" शॉनच्या प्रत्येक फुग्याला शेपूट येत होतं. तो मीटिंगमध्ये कुणाला तरी इंग्रजीत सांगत होता की थोडी तांत्रिक अडचण आहे.

आणि राधाताई? तिचा पहिलाच फुगा गोल आला. दुसराही.

"ताई, बिघडला का?" डोरोथी गप्प झालेली बघून तिने घाबरून विचारलं.

"नाही." डोरोथीने तो फुगा झाऱ्यावर फिरवून पाहिला. "मला हे जमायला सहा महिने लागले होते."

"वाशिमला आमच्या घरी चाळीस भाकऱ्या थापायचे मी, रोज. हातच तसे झालेत."

डोरोथीने तिचा हात हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला आणि म्हणाली, "चांगला हात आहे. फक्त दार उघडं ठेवून करत जा." राधाताईला काही कळलं नाही, पण ती हसली.

शेवटी मार्कसचं घर. तिथे आत जायला डोरोथीचा पाय जरा अडखळला. मार्कस कढईसमोर उभा होता, चष्म्यावर तेलाचे ठिपके. त्याने ताटलीत एक फुगा ठेवून पुढे केला. वाकडा, एका बाजूने जास्त लाल.

डोरोथीने खाल्ला. सावकाश चावला.

"चांगला आहे," ती म्हणाली. "पण डोरोथीच्या हाताची सर नाही."

मार्कसने ताटली खाली ठेवली. मग असा हसला, असा हसला की कुत्रा उठून भुंकायला लागला. हसता हसताच म्हणाला, "मी तेव्हा तसं बोलायला नको होतं गो."

"आणि माझा हात दुखत नव्हता," डोरोथी म्हणाली. "पोरीला सांग, माहेरी आली की येऊन जा. मी पन्नास करीन. नाहीतर तूच कर, आता येतात तुला."

साडेचारला टोपल्या मांडवात पोचल्या. नऊशे बारा. शेपटीवाले, चपटे, जुळे, आणि राधाताईचे गोल. लोक आतापासूनच टोपलीत हात घालत होते. "हे आमच्या घरचे!" "नाही, ते आमचे, ते जरा लाल आहेत ना ते!" डोरोथी एका कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. 'डोरोथीचे फुगे' असं आज कुणीच म्हटलं नाही.

पाच वाजून गेले. ती शेडमध्ये परतली. परात रिकामी होती. तिने सवयीने शेगडीचं बटण फिरवलं आणि लायटर ओढला. भप्प! निळी ज्योत उभी राहिली. दूर कुठेतरी कुणी सही केली होती की नव्हती, देव जाणे. तिने थोडा वेळ ज्योतीकडे पाहिलं आणि बटण बंद केलं.

बाहेर बँडवाल्यांनी पहिला सूर लावला. बायका डोक्यावर कळशा घेऊन रांगेत उभ्या होत्या.

"आत्या, चल ना!" पर्ल दारात आली. आता रोलर नव्हते, केसांत फुलं होती. "तू कधी आलीच नाहीस विहिरीवर."

खरंच होतं. अडतीस वर्षं प्रत्येक लग्नात बँड विहिरीकडे निघायचा तेव्हा डोरोथी बंद दाराआड तेलासमोर असायची. ढोल तिला भिंतीतून ऐकू यायचा, आणि त्या ठेक्यावर ती गोळे सोडायची.

"साडी बदलते."

"काही नको. अश्शीच चल!"

पर्लने तिच्या हातात एक कळशी दिली. डोरोथीने ती डोक्यावर ठेवली आणि निघाली. नाचता येत नव्हतं तिला, पण पायांना ठेका पाठ होता. पुढे मार्कस कुत्र्याला घेऊन टाळ्या वाजवत चालला होता. कळशी धरलेल्या तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्यावर वाळलेलं पीठ अजून तसंच चिकटलेलं होतं.

मागे शेडचं दार विटेला टेकून सताड उघडं होतं. ते लावायला ती परत वळली नाही.