दुपारचा फोन

माझी मुलगी काव्या पुण्याची कंप्युटरची नोकरी सोडून गावी परत आली आणि इथल्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या शेंगाचटणीच्या दुकानात उखळापाशी बसली, तेव्हाच मला काहीतरी काळंबेरं वाटलं. एवढ्या पगाराची नोकरी कुणी आपणहून सोडतं होय? "थकले, अप्पा," एवढंच ती म्हणाली. थकायला काय, तिथं पोती उचलत होती का? काढून टाकलं असणार, नाहीतर कुणा पोराची भानगड असणार.

मी नजर ठेवली. चटणी झकास कुटायची, गिऱ्हाइकांशी हसून बोलायची. पण फोन वाजला की हातातलं मुसळ थांबायचं आणि चेहरा पांढराफटक पडायचा. कोण म्हणून विचारलं, तर "कुणी नाही." झालं, माझी खात्रीच पटली.

काल दुपारी दुकान बंद करून ती आत आडवी झाली होती. बाहेर राहिलेला तिचा फोन वाजला. आज सोक्षमोक्षच लावतो म्हणून मी तो उचलला.

"काव्या मॅडम, प्लीज! सगळं बंद पडलंय. पाचच मिनिटं बघा." पोरगा रडकुंडीला आला होता.

"कोण रे तू?" मी खेकसलो.

"ऑफिसातून बोलतोय, काका. त्यांच्या जागी मला घेतलंय. रात्रभर इथंच आहे. त्या एकट्या कसं करायच्या हो हे सगळं?"

मी आत पाहिलं. काव्या तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती, लहानपणी झोपायची तशी.

"दुपारी आमचं दुकान बंद असतं," मी म्हणालो. फोन ठेवणारच होतो, पण राहवेना.

"तू जेवलास का रे?"